एका दुपारची आमदारकी

मी एकदा आमदार झाले होते. निवडणूक नाही, पक्ष नाही, घोषणा नाहीत. सासऱ्यांचं धोतर, त्यांचीच टोपी, खांद्यावर दिराचा पंचा आणि माईक म्हणून हातात वरणाची पळी, एवढ्या भांडवलावर एका दुपारपुरती मी निवडून आले आणि माजघरात दाटीवाटीनं बसलेल्या बायकांपुढे भाषण ठोकलं. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. त्याहून यशस्वी काम मी जन्मात केलं नाही, आणि त्याहून मूर्खपणाचंही नाही. तेव्हा माझं वय कोवळं होतं, शिक्षण सातवी पास होतं, अंगात अक्कल बेताची होती आणि ती भरपूर असल्याचा भास मात्र फार मोठा होता.

हे आज आठवायचं कारण म्हणजे माझी नात. परवा तिनं मोबाइल माझ्या नाकासमोर आणून धरला. त्यात आमच्या भागातले हल्लीचे आमदार बोलत होते. पाठीमागं पुस्तकांचं कपाट, समोर पाण्याचा ग्लास. कर्मचारी संपावर जायची शक्यता आहे, दाखले-उतारे आधीच काढून ठेवा, दवाखान्यात तातडीचं काम चालू राहील, टँकर बंद पडू देणार नाही, अडचण आली तर कार्यालयात फोन करा, असं ते सांगत होते. दर वाक्याला भुवई उडत होती. नात म्हणाली, आजी, कर की यांची नक्कल. माझी जीभ वळवळली. गुडघे गेले, दात गेले, ही खोड काही गेली नाही. पण शेजारी माझी धाकटी जाऊ बसली होती, गंगासागर. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती गावाकडून नांदेडला आमच्याकडं आली होती. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा मोबाइलकडं. मी तिच्याकडं पाहिलं आणि जीभ आत ओढली. नातीला सांगितलं, माझा घसा बसलाय.

घसा बसला नव्हता. खिडकीतून उन्हाची झळ आत येत होती आणि कुठल्याशा टँकरमधून खालच्या टाकीत पाणी पडायचा आवाज येत होता. नांदेडला गोदावरी असून आमच्या कॉलनीत उन्हाळ्यात टँकर येतो. त्या पाण्याला आता वास नसतो. मी आमदार झाले त्या उन्हाळ्यातल्या पाण्याला होता.

डिझेलचा वास. तोच चहाला यायचा, भाताला यायचा, धुतलेल्या केसांना यायचा. केस धुणंच क्वचित, म्हणून तो वास आठवणीत जास्त बसला. टँकर कधी येईल याचा नेम नसे, आणि उन्हात माणूस किती वेळ उभा राहणार? म्हणून माणसांऐवजी घागरी रांगेत उभ्या राहायच्या. घागर घरात लागत असली तर तिच्या जागी एखादा दगड, फुटकं मडकं, तुटलेली चप्पल. त्या दगडांनाही मालक असायचे. हा पारूबाईचा, हा मामूचा. माणसाचा नंबर लोक हाणायचे, पण दगडाचा कुणी हाणला नाही. दगड भांडत नाही म्हणून त्याची लाज वाटत असावी. दुपारी सगळं गाव असं दगडाधोंड्यांनी उभं आणि माणसांनी आडवं असायचं. गुरं छावणीला गेलेली, त्यामुळं गोठ्यात शेणाचाही वास नाही. लांबून रोजगार हमीच्या कामावरचा हातोड्यांचा आवाज यायचा, खडी फोडणाऱ्या बायकांचा. तो थांबला की जेवायची सुट्टी झाली असं कळायचं. भूक लागली असं नव्हे, सुट्टी झाली असं.

आमचं गाव अहमदपूरच्या अलीकडं, नांदेडच्या शिवेजवळ. मी मात्र अर्धापूरकडची. तिथं पाटाचं पाणी, केळीच्या बागा. भर उन्हाळ्यात बागेत शिरलं तर पायाला गार चिखल लागायचा आणि वर पानं हत्तीच्या कानासारखी हलायची. सासरी आल्यावर पहिल्याच दिवशी मी तांब्याभर पाणी दोन पायांवर ओतून मोकळी झाले. सासूबाईंनी त्या ओल्या फरशीकडं असं पाहिलं की जणू मी तूप सांडलं. म्हणाल्या, केळीची राणी आली बघा, हिला आता रोज हत्तीवरून न्यावं लागंल नदीवर. मी त्यांची ही नक्कलही नंतर बायकांत करून दाखवली. त्या पाटाच्या पाण्यानं मला एक खोट दिली होती, ती मला फार उशिरा कळली. माहेर म्हणजे गार, ओलं, भरलेलं ठिकाण असतं आणि ते सगळ्या बायकांचं तसंच असतं, असं मी धरून चालले होते.

त्याच सुमाराला नवा जिल्हा झाला होता. आधी कुठलंही काम निघालं की उस्मानाबादला जायचं म्हणजे दिवस मोडायचा. आता लातूर. एसटीवरच्या पाट्यांचा रंग ओला, कचेऱ्या भाड्याच्या घरांतून. एका कचेरीच्या गच्चीवर घरमालकिणीच्या मिरच्या वाळत असायच्या आणि खाली साहेब शिंकत सह्या करायचे, असं आमच्या घरचे सांगत. आमचे घरचे म्हणजे माझे यजमान. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, त्यामुळं गाव त्यांना गुरुजी म्हणे आणि मीही. सासूबाईंनी त्यांना एकदा शांतपणे विचारलं, "जिल्हा जवळ आला म्हनतूस, मग पानी कवा येतंय?" गुरुजींनी चष्मा पुसला. 

आणि जिल्हा जरा अंगात मुरतो न मुरतो तोच संपाची बातमी आली. सरकारी नोकर, मास्तर, दवाखान्यातले, सगळेच. गुरुजीही त्यात होते. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. महागाई दारात उभी होती आणि वरचे लोक ऐकत नव्हते. त्यामुळं संपावर चिडायची मला आजही सोय नाही. तो माझ्याच घरात बसून चहा पीत होता.

मग आमदार आले. जीप धुळीत थांबली आणि धूळ खाली बसेपर्यंत ते आतच बसून राहिले, एवढंच काय ते त्यांचं मोठेपण. बाकी साधा माणूस. हातात कागद नाही, बरोबर दोघंच. पारावर पुरुष बसले, आम्ही बायका भिंतीआड. ते बोलायचे फार सावकाश. प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरायचा, वाक्य संपलं की पंच्यानं मान पुसायची आणि म्हणायचं, हे ध्येनात असू द्या. मी भिंतीआडून ते टिपून घेत होते, शब्द नाही, खाकरणं.

त्यांनी काहीही लपवलं नाही. संप होईल असं दिसतंय, मी मिटवायचा प्रयत्न करतोय पण माझ्या हातात फार नाही, हे आधी सांगितलं. मग एकेक. रोजगार हमीचं काम थांबेल, कारण हजेरी घ्यायला कुणी नसेल. टँकर अडखळेल, पण कारखान्याचे ट्रॅक्टर मागून ठेवलेत, तेव्हा असतील ती भांडी भरून ठेवा. रेशन आधी उचला. नर्सबाई येणार नाहीत. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर असतील पण हाताखाली माणसं नसतील. एसटीचाही भरवसा नाही. आणि शेवटी घसा न खाकरता म्हणाले, ज्यांच्या घरी दिवस भरत आलेली बाई आहे त्यांनी तिला आत्ताच हलवा. माहेरी, नात्यात, जिथं जवळ खासगी डॉक्टर असेल तिथं. पुरुषांत कुणी खाली बघितलं, कुणी खुदकन हसलं. अशा गोष्टी पारावर बोलत नसत. ते हसले नाहीत.

जाताना भिंतीजवळ आले. मला म्हणाले, "बाई, तुमी गुरुजींच्या घरच्या. बायकांत हे तेवढं सांगा. गड्यांच्या कानातून ते घरात जाईल का न्हाई, मला भरवसा न्हाई."

मी डोक्यावरचा पदर पुढं ओढून हो म्हटलं. पदराआड माझी छाती केवढी फुगली होती. आमदारानं मला काम सांगितलं होतं.

गंगासागरचे दिवस भरत आले होते. पहिलटकरीण. खरं तर सातव्यातच तिचं डोहाळजेवण व्हायचं आणि मग तिनं माहेरी जायचं. पहिलं बाळंतपण माहेरीच, ही आमच्याकडची रीत. पण हिरवी साडी नेसवून हिरव्यात बसवायचं तर हिरवं होतं कुठं? सासूबाई म्हणत, पावसाचा एखादा सडाका येऊ द्या. तो आलाच नाही. शेवटी आठवा सरता सरता त्यांनी हिय्या केला. हिरवा पाला म्हणून कडुनिंबाच्या फांद्या बांधल्या. ओटीत केळी मात्र खरी होती, माझ्या भावानं अर्धापूरहून पाठवलेली. गंगासागर त्या कडुनिंबाखाली अशी बसली होती की जणू तिलाच पालवी फुटलीय. ती उदगीरकडची. आईला अव्वा म्हणायची, लाजली की दोन्ही हातांनी कान झाकायची. तिच्या माहेराहून उदगीर जवळ, तिथं एक डॉक्टरीणबाई होत्या. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ तिला न्यायला येणार, असं ठरलेलं होतं.

डोहाळजेवणात गाणी झाली की सोंगं निघतात. कुणी सासरा होतं, कुणी दारुडा नवरा, कुणी वैदू. पुरुषांना आत यायची बंदी, त्यामुळं घरातल्या सगळ्या पुरुषांचा हिशेब तिथं चुकता होतो. पारूबाई म्हणाली, थोरले, आमदार काय बोलला ते सांग की. आणि मी सांगायला उठले.

नुसतं सांगितलं असतं तर? पण नुसतं सांगणं माझ्या जातकुळीतच नव्हतं. मी आत गेले आणि धोतर नेसून बाहेर आले. पळी तोंडाशी धरली. घसा खाकरला. मान पुसली. एवढ्यावरच अर्ध्या बायका हसून लोळल्या. मग मी एकही मुद्दा गाळला नाही, हे मात्र खरं. काम थांबेल, टँकर अडखळेल, भांडी भरा. नर्सबाई येणार नाहीत. दिवस भरलेल्यांनी आत्ताच हलावं. सगळं सगळं सांगितलं, आणि दर वाक्याला मान पुसून म्हटलं, हे ध्येनात असू द्या. मग बायकांचं हसू डोक्यात चढलं आणि मी पदरचं जोडलं. संप मिटेपर्यंत कुणीही बाळंत होऊ नये असा सरकारी हुकूम निघाला आहे. ज्यांना कळा येतील त्यांनी त्या नव्या जिल्ह्याला अर्ज करून थांबवून घ्याव्यात.

काय हसल्या बायका. सासूबाईंनी तोंडात पदर कोंबला. गंगासागर कान झाकायचे विसरून पोट धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी. त्या उन्हाळ्यात हसणं ही एकच चैन उरली होती. तिला पाणी लागत नव्हतं. जाताना बायका एकमेकींना बजावत होत्या, हे ध्येनात असू द्या, आणि फुटत होत्या. भांडी किती जणींनी भरून ठेवली, मला माहीत नाही. ज्या बातमीवर आपण पोट दुखेपर्यंत हसलो, ती बातमी दुसऱ्या दिवशी खरी कशी वाटणार?

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ आला आणि चहा घेऊन परत गेला. गंगासागर म्हणाली, आठ दिसांनी येते, आत्ता नको. सासूबाईंनी विचारलं, अगं, तो संप? ती माझ्याकडं बघून हसली आणि त्यांना म्हणाली, अर्ज करते की आत्या, जिल्ह्याला. माझाच विनोद. मला तेव्हा गुदगुल्या झाल्या. माझं सोंग एवढं चाललं होतं.

संप लागला. शाळेला कुलूप, कचेऱ्यांना कुलूप, नर्सबाईंच्या खोलीला कुलूप. हातोड्यांचा आवाज थांबला आणि गाव बहिरं झाल्यासारखं वाटायला लागलं. कारखान्याचे ट्रॅक्टर आले, आमदारांनी सांगितलं होतं तसे. कमी आले, पण आले. आणि एका सकाळी तांबडं फुटताना गंगासागरला कळा सुरू झाल्या, ठरल्या दिवसांच्या आधीच. सुईण आली, तिनं हात लावून बघितलं आणि बाहेर येऊन म्हणाली, तालुक्याला न्या. दीर गुरांबरोबर छावणीला, म्हणून गुरुजीच धावत जाऊन कुणाची तरी जीप घेऊन आले. ते स्वतः संपावर, आणि जीपमध्ये भावजयीचे पाय धरून बसलेले.  मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. रस्ता खडीचा, अर्धवट टाकून दिलेला. बायकांनी फोडलेली तीच खडी. प्रत्येक धक्क्याला ती माझा हात दाबायची.

तालुक्याला डॉक्टर होते. भला माणूस, एकटाच, बाह्या वर करून धावत होता, आणि आमच्या आधी तीन-चार गाड्या आलेल्या होत्या. त्याला मी दोष देणार नाही. त्यानं आमच्यासाठी जे करता येईल ते केलं, फक्त ते उन्हं चढल्यावर केलं. मुलगी झाली. नाकीडोळी नीटस, डोकंभर जावळ. रडली नाही.

तिला घेऊन आम्ही गावात आलो तेव्हा दारात बायका उभ्या होत्या. त्या दुपारी हसलेल्या त्याच.  प्रत्येकीच्या हातात एक तांब्या होता. लेकराला शेवटची आंघोळ घालायची होती आणि आमच्या रांजणात तळ दिसत होता, हे त्यांना कुणी सांगायला लागलं नव्हतं. एकेकीनं येऊन तांब्या घंगाळात रिता केला आणि बाजूला झाली. पारूबाईचा तांब्या अर्धाच होता. तिनं तो ओतला आणि बोटानं आतला थेंबही निपटला. डिझेलचा वास येणाऱ्या त्या पाण्यानं सासूबाईंनी त्या लेकराला न्हाऊ घातलं. एवढं पाणी त्या उन्हाळ्यात मी कुणाच्याही अंगावर पडलेलं पाहिलं नाही.

पुढं आमदार भेटायला आले. ओसरीवर बसले, पाणी नको म्हणाले. मी दाराआड. त्यांनी मला बाहेर बोलावलं आणि रागावून नाही, जणू स्वतःचंच काही तपासून बघत असल्यासारखं विचारलं, "बाई, सांगितलं हुतं ना?"

मी म्हटलं, "सांगितलं."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि मान पुसली. ते गेले. पुढच्या निवडणुकीत पडले, मग म्हातारे झाले, मग वारले. मी काही पुन्हा धोतर नेसलं नाही. बायका डोहाळजेवणाला बोलवायच्या, मी पानं वाढायला जायचे. नकला करायचे, नाही असं नाही. नातवंडांसमोर कोंबडीची, सुनांसमोर स्वतःची. पण कुणी काही महत्त्वाचं सांगत असलं की मी हात मांडीखाली धरून ऐकते. आता हे एवढं शहाणपण यायला मला एका लेकराचा जीव लागला, म्हणजे माझी अक्कल किती महाग, बघा.

गंगासागरला नंतर दोन मुलगे झाले, दोन्ही बाळंतपणं आमच्याच घरी. ती मला कधी काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याला मी इतकी वर्षं रोज नवी नवी वाक्यं देत आले. तुमच्यामुळं झालं. तुमी हसवलं नसतं तर गेले असते. माझी पोर आज असती. पाण्याच्या रांगेत, लग्नाच्या मांडवात, तिच्या मुलांच्या हळदीत, तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं तरी मला ते ऐकू यायचं.

परवा नात मोबाइल घेऊन आत गेली. खाली टाकी भरली आणि पाण्याचा आवाज थांबला. आम्ही दोघीच. तिच्या डोळ्याला थेंब टाकायची वेळ झाली होती. मी तिची पट्टी सोडवली, थेंब टाकले, आणि ती डोळे मिटून मान मागं टाकून बसली तेव्हा मला बळ आलं. बघत नसलेल्या माणसापुढं बोलणं सोपं. मी म्हटलं, सागर, त्या दिवशी मी ते सोंग केलं नसतं तर तू भावाबरोबर गेली असतीस. मी हे तुला विचारायला पाहिजे होतं, धीर झाला नाही.

 औषधाचं पाणी गालावरून ओघळत होतं, ते तिनं पुसलं नाही. मग ती हसली, अगदी बारीक, आणि डोळे न उघडताच म्हणाली:

"आक्का, तुमच्या सोंगानं ऱ्हायले का मी? समदं कळलं हुतं मला. भाऊ दारात आला, तवा त्याच्या अंगावरची कापडं बगितली म्या, कितीक दिसांची धुतल्याली न्हवती. अव्वाच्या घरी प्यायाला पानी न्हाई, आन् बाळंतिणीला तर रोज न्हाऊ घालाय लागतंय. म्या गेले असते तर म्हातारीनं कुटून बी डोक्यावर आनलं असतं, आन् मला सांगितलं बी नसतं."